टेलिझूम लेन्सची तुलना स्वतः कशी करावी: दहा मीटर अंतर, एक भिंत आणि छोट्या जाहिरातींचं पान

मला दोन फोटो येतात. एक भिगवणचा, जानेवारीतल्या सकाळी साडेसातला नावेतून काढलेला. दुसरा पाषाण तलावावरचा, दुपारी बाराचा, वेगळ्याच बॉडीवरचा. खाली प्रश्न असतो, "यातली कुठली लेन्स जास्त शार्प?" या दोन फोटोंवरून लेन्सबद्दल काहीच सांगता येत नाही. तरीही लोक असेच फोटो शेजारी ठेवून निर्णय घेतात, महिन्याभराचा पगार घालतात आणि पुढच्या हिवाळ्यात तीच लेन्स विकायला काढतात.

छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर लांबची लेन्स लावली की आपण जिला लेन्सची चूक म्हणतो ती बरेचदा हाताची, हवेची, शटरची किंवा फोकसची असते. म्हणून आधी बाकीचं सगळं जागच्या जागी बांधून ठेवायचं आणि मगच लेन्स बदलायची. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तो मोडू नका.

उदाहरणासाठी मायक्रो फोर थर्ड्स माउंटवरच्या (ऑलिंपस आणि पॅनासोनिकच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या) दोन लेन्स धरते: ऑलिंपस ७५-३०० मिमी एफ/४.८-६.७ आणि पॅनासोनिक १००-३०० मिमी एफ/४-५.६, दोन्हींची दुसरी आवृत्ती. छोट्या बॉडीवर पक्षी टिपणारे बरेच जण याच दोघींत अडकतात. तुमचा कॅमेरा सोनी, फुजी, निकॉन किंवा कॅननचा असला तरी पायऱ्या त्याच.

## १. आधी स्वतःचे जुने फोटो मोजा

दुकानात जाण्याआधी गेल्या वर्षभरातले टेलीने काढलेले, तुम्ही स्वतः ठेवलेले फोटो संगणकावर उघडा आणि फोकल लेंथप्रमाणे लावा. हातातली लेन्स ४०-१५० मिमीची असेल आणि बहुतेक फोटो १५० वरच असतील, वर ते अर्ध्याहून जास्त क्रॉप केलेले असतील, तर तुम्हाला खरंच जास्त पल्ला हवा आहे. फोटो ६० ते १२० च्या मधे विखुरलेले असतील, त्यांत मुलांचं स्नेहसंमेलन, गडावरून दिसणारी डोंगररांग, पालखीतले चेहरे असतील, तर ३०० मिमीची लेन्स कपाटात पडून राहील. ऑलिंपसची साधी ४०-१५० एफ/४-५.६ फक्त १९० ग्रॅमची आहे. अशा कामाला ती पुरते.

मग एका ओळीत लिहून ठेवा: काय टिपायचं, किती अंतरावरून, कुठल्या वेळी. उदाहरणार्थ, "नदीकाठचा खंड्या, २० मीटर, सकाळी ७ ते ९." पुढे प्रत्येक पायरीवर ही ओळ लागणार आहे.

## २. कागदावरची चाळणी

पल्ला. "समतुल्य ६०० मिमी" असे, मोठ्या फुल फ्रेम सेन्सरच्या हिशेबात बदललेले आकडे जाहिरातीत वाचून तुलना करू नका. पक्षी चौकटीत किती मोठा येतो ते काढा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ, गुणिले अंतर, की त्या अंतरावर चौकटीत किती रुंदी मावते ते मिळतं. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ मिमी रुंद. ३०० मिमीवर, २० मीटरवर सुमारे १.१५ मीटर मावतात. आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या साधारण २८ सेंटिमीटरचा, म्हणजे चौकटीचा पाव भाग. १५० मिमीवर तोच आठवा भाग.

आता सोनीची ७०-३५० मिमी घ्या. तिथला सेन्सर २३.५ मिमीचा, म्हणून २० मीटरवर १.३४ मीटर मावतात. खंड्या चौकटीत जरा लहान दिसेल. पण २४ मेगापिक्सेलच्या त्या बॉडीवर खंड्याच्या वाट्याला जवळजवळ तेवढेच पिक्सेल येतात जेवढे २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिमीने येतात: दोन्हीकडे साडेबाराशेच्या आसपास. या दोन लेन्सच्या समतुल्य आकड्यांचा, "६०० विरुद्ध ५२५" हा वाद इथेच मिटतो.

प्रकाश. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. ३०० ला ५.६ ने भागा, साधारण ५४ मिमी. ६.७ ने भागा, ४५. सोनीच्या ७०-३५० चं ३५० ला ६.३ ने भागलं की ५५ च्या पुढे. लांबच्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश लेन्स गोळा करते हे यावरून कळतं, आणि वेगवेगळ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची तुलनाही त्यामुळे खरी होते. पॅनासोनिकच्या पुढच्या काचेला ६७ मिमीचा फिल्टर लागतो आणि ऑलिंपसला ५८ मिमीचा, याचं कारणही हेच. ५.६ आणि ६.७ यांत अर्ध्या स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पॅनासोनिकला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पुरतो तिथे ऑलिंपसला २३०० च्या जवळ जावं लागतं.

वजन. ऑलिंपस ७५-३०० ची ४२३ ग्रॅम, पॅनासोनिक १००-३०० ची ५२०. सोनी ७०-३५० ची ६२५, फुजीची ७०-३०० ची सुमारे ५८०, निकॉनची ५०-२५० ची ४०५ आणि कॅननची १००-४०० ची ६३५. ४०० मिमीपर्यंत जायचं तर मायक्रो फोर थर्ड्सवर पॅनासोनिक-लायका ९८५ ग्रॅमची आणि ऑलिंपसची १००-४०० ट्रायपॉडची कडी न धरता ११२० ग्रॅमची. छोटी बॉडी घेण्याचं कारणच तिथे संपतं. गाडीतून फिरून फोटो काढणाऱ्याला ते चालेल, चालत फिरणाऱ्याने दोनदा विचार करावा.

हात स्थिर ठेवण्याची सोय. ऑलिंपस ७५-३०० मधे स्टॅबिलायझेशन नाही, ती बॉडीच्या भरवशावर चालते. पॅनासोनिक १००-३०० मधे आहे.

> सावध: तुमच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे का ते आत्ता तपासा. पॅनासोनिकच्या जीएम५ आणि जीएक्स८५०, सोनीच्या ए६१०० आणि ए६४००, निकॉनची झेड५०, कॅननच्या आर५० आणि आर१० यांत नाही. अशा बॉडीवर स्टॅबिलायझेशन नसलेली लांब लेन्स लावली तर ३०० मिमीवर पक्षी चौकटीत धरणंसुद्धा अवघड जातं.

या पायरीनंतर दोन लेन्स उराव्यात, फार तर तीन. पाच लेन्सची चाचणी कुणीच शेवटपर्यंत नीट करत नाही.

## ३. लेन्स एकत्र आणा, एकाच दिवशी

सगळ्या लेन्स एकाच वेळी हातात हव्यात. एक या रविवारी आणि दुसरी पुढच्या रविवारी, असं केलंत तर तुम्ही दोन रविवारांची तुलना कराल. लेन्स भाड्याने मिळतात. पक्षीमित्रांच्या गटात विचारलंत तर अर्ध्या दिवसासाठी कुणीतरी देतंच.

आदल्या रात्री एवढं करून ठेवा:

- बॉडी एकच आणि तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ताजं. लेन्सचंही असेल तर तेही.
- बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं.
- फोटो रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधे. शार्पनिंग आणि नॉईज कमी करणं कॅमेऱ्याने करायचं नाही.
- आयएसओ हाताने ठरवलेला. ऑटो बंद.
- ट्रायपॉड, पट्टी किंवा टेप, एक छोटा सपाट आरसा, वही आणि पेन.
- लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढलेला.

शेवटच्या मुद्द्यावर थांबते, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझी टेलिझूम ३०० ला सॉफ्ट आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते आणि २५० च्या पुढे जायचं टाळत होते. एकदा काच पुसायला फिल्टर काढला आणि परत लावायचा राहिला. त्या सकाळी तारेवर बसलेल्या वेड्या राघूच्या फोटोत त्याच्या चोचीतल्या माशीच्या पंखांवरच्या शिरा दिसत होत्या. लेन्स तीच आणि फोकल लेंथही तीच, ३००. छोट्या लेन्सवर स्वस्त फिल्टर खपून जातो. लांबच्या लेन्सवर त्या काचेचा जरासा उंचसखलपणाही फोटोत उतरतो. संरक्षणासाठी हूड वापरा.

## ४. लेन्सची तब्येत

नवी असो वा जुनी, हे पाच मिनिटांत होतं. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोनचार कण असले तर असू देत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्समधे ती हमखास धरते. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

झूमची कडी शेवटपर्यंत फिरवा. मधे कुठे अडकते का, खरखरते का, ते बोटांना कळतं. लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप बाहेर घसरते का तेही बघा. घसरत असेल तर चालताना त्रास होईल, चित्राला बाधा नाही.

स्टॅबिलायझेशनवाली लेन्स कॅमेरा बंद असताना हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. एवढ्यावरून चांगली लेन्स परत करणारे मी पाहिले आहेत.

## ५. भिंतीची चाचणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश घ्या.

जागा हवी सावलीतली, वारा नसलेली. सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेची ओसरी उत्तम. उन्हात तापलेली भिंत नको, तिच्यासमोरची हवा थरथरते. काचेच्या खिडकीतून नको. गच्चीवरून लांबची पाण्याची टाकीही नको, मधे तापलेले पत्रे असतात. वेळ सकाळची, दहाच्या आत.

वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर मधोमध आडवं, अगदी सपाट चिकटवा आणि बाजूंना तशाच पानांचे तुकडे लावा. लेन्सच्या तोंडापासून दहा मीटर मोजा. ३०० मिमीवर मायक्रो फोर थर्ड्सच्या चौकटीत तिथे साधारण ५८ बाय ४३ सेंटिमीटर मावतात, म्हणजे ते एक पान जवळपास पूर्ण.

आता आरसा. पानाच्या मध्यावर तो भिंतीला टेकवून धरायला कुणाला तरी सांगा. कॅमेऱ्यातून बघितलं की आरशात लेन्सचं तोंड दिसायला हवं, तेही चौकटीच्या बरोबर मधे. दिसत नसेल तर कॅमेरा भिंतीशी तिरका आहे. ३०० मिमीवर फोकसची खोली इतकी कमी असते की पाच अंशांचा तिरकेपणासुद्धा एक बाजू मऊ करतो, आणि मग दोष लेन्सवर जातो.

> तपासा: स्टॅबिलायझेशन बॉडीतलं आणि लेन्सवरच्या बटणाचं, दोन्ही बंद. शटर इलेक्ट्रॉनिक. टायमर दोन सेकंदांचा नव्हे, दहा किंवा बारा सेकंदांचा, कारण ३०० मिमीवर साध्या ट्रायपॉडला शांत व्हायला वेळ लागतो. आयएसओ २००. गळ्यातला पट्टा वाऱ्याने हलत नाही ना?

क्रम असा ठेवा. पहिली लेन्स, ३०० मिमी, अपर्चर (प्रकाश आत घेणारं तोंड) पूर्ण उघडं, म्हणजे एफचा आकडा सर्वात लहान. मधल्या मजकुरावर फोकस घ्या, फोटो. मग लेन्ससमोर हात धरून फोकस बिघडवा, पुन्हा घ्या, दुसरा फोटो. तसाच तिसरा. तिघांतला सर्वात चांगला फोटो त्या लेन्सचा खरा, बाकीचे दोन फोकस किती भरवशाचा आहे ते सांगतात. नंतर एफ/८ वर तीन. मग २०० मिमीवर हेच सगळं, मग १०० वर. १०० आणि २०० ला कडीवरच्या आकड्यावर विसंबू नका, फोटो परत उघडून नोंदलेली फोकल लेंथ बघा. ट्रायपॉड न हलवता दुसरी लेन्स लावा आणि सगळं पुन्हा. दोन लेन्सचे मिळून ३६ फोटो होतात.

एफ/११ आणि एफ/१६ यांच्या मागे लागू नका. एवढ्या लहान सेन्सरवर तिथे प्रत्येकच लेन्स मऊ होते, मग ती कितीही महाग असो.

काय बघायचं. ३०० च्या फोटोत बारीक मजकूर शंभर टक्के मोठा करा. 'ध' आणि 'घ' वेगळे ओळखू येतात का? 'भ' आणि 'म'? 'क्ष' चं पोट मोकळं आहे की शाईने भरल्यासारखं? आपल्या लिपीइतका चांगला चाचणीतक्ता विकत मिळणार नाही. दहा मीटरवर ३०० मिमीला २० मेगापिक्सेलमधे एका मिलिमीटरला नऊ पिक्सेल येतात. 'ध' च्या डोक्यावरची फट तेवढ्यात जेमतेम मावते, म्हणून लेन्समधला फरक तिथे लगेच दिसतो.

शिरोरेषाही बोलते. सगळ्या शिरोरेषा दुहेरी आणि उभे काने मात्र एकेरी असतील, तर कॅमेरा वरखाली हलला आहे. शटर मेकॅनिकल राहिलं असेल तर साधारण १/६० ते १/२५० या वेगांत त्याच्या धक्क्याने हेच होतं. काने दुहेरी आणि शिरोरेषा स्वच्छ असेल तर हलणं आडवं आहे: वारा, पट्टा किंवा ट्रायपॉडची सैल मान. सगळंच सारखं मऊ असेल तर फोकस चुकला किंवा लेन्सच तशी आहे, आणि तिन्ही फोटो सारखेच मऊ असतील तर बहुधा दुसरं.

दोन्ही लेन्सचे ३०० चे फोटो शेजारी ठेवून पानाचा किती भाग आला तेही मोजा. ३०० लिहिलेल्या दोन लेन्स दहा मीटरवर सारखंच मोठं दाखवतील असं नाही. जवळ फोकस करताना बऱ्याच झूमचा पल्ला आखडतो. तोच प्रयोग लांबच्या मोबाइल टॉवरवर करा, तिथे फक्त चौकट बघायची, शार्पनेस नाही.

## ६. कोपरे

पक्ष्यांसाठी कोपऱ्यांचं महत्त्व कमी, तरी एक गोष्ट बघायचीच: आतली काच सरकलेली आहे का. सरकलेली असेल तर एक बाजू कायम मऊ राहते.

चौकटीच्या चार कोपऱ्यांची एकमेकांशी तुलना करून हे कळत नाही, कारण भिंत तिरकी असू शकते. मजकुराचा एकच तुकडा निवडा. कॅमेरा वळवून तो आधी डाव्या वरच्या कोपऱ्यात आणा, तिथेच फोकस घ्या, फोटो. मग उजव्या वरच्या कोपऱ्यात, पुन्हा नवा फोकस, फोटो. असे चार. चारही थोडे मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात. तीन चांगले आणि एक वाईट असेल तर त्या नगात दोष आहे, दुसरा नग मागा.

## ७. हातातली चाचणी

ट्रायपॉड बाजूला ठेवा. स्टॅबिलायझेशन चालू करा. तेच पान, तेच दहा मीटर, ३०० मिमी, अपर्चर उघडं.

१/५००, १/२५०, १/१२५ आणि १/६० या प्रत्येक वेगाला वीस फोटो. बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) नको, दर वेळी बटण नव्याने दाबा. दहा फोटो एका लेन्सने, दहा दुसरीने, पुन्हा दहा पहिलीने, पुन्हा दहा दुसरीने. हात थकतो, आणि नंतर आलेल्या लेन्सवर त्याचा अन्याय होतो. नंतर वीसपैकी किती फोटोंत 'ध' आणि 'घ' ओळखू आले ते मोजून वहीत लिहा. "बऱ्यापैकी स्थिर आहे" असं लिहू नका, आकडा लिहा.

> सावध: पॅनासोनिकची लेन्स पॅनासोनिकच्या बॉडीवर असेल आणि दोन्हींत स्टॅबिलायझेशन असेल, तर बऱ्याच बॉडींवर ती मिळून काम करतात. तीच लेन्स ऑलिंपसच्या बॉडीवर लावली की दोहोंपैकी एकच चालतं. कुठलं चालू आहे ते मेनूत आणि लेन्सवरच्या बटणावर बघून वहीत लिहा, नाहीतर तुलना कशाची केली तेच कळणार नाही.

हे आकडे तुमच्या हाताचे असतात, दुसऱ्याचे वाचून उपयोग नाही. चहा प्यायल्यावर लगेच ही चाचणी करू नका, एवढंही मी सांगेन.

## ८. फोकस आणि खरा प्रकाश

आता भिंत सोडा. यासाठी भिगवणला जायची गरज नाही. कावळे, कबुतरं, घारी सगळीकडे आहेत.

आधी स्थिर पक्षी: फांद्यांच्या आत बसलेला बुलबुल किंवा कोतवाल. फोकसचा चौकोन सर्वात छोटा. लेन्स पक्ष्यावर थांबते की पुढच्या पानावर जाते? चुकल्यावर परत येते की पुढेमागे फिरतच राहते? दोन्ही लेन्सला वीस-वीस संधी द्या. मग उडणारा पक्षी: डोक्यावर घिरट्या घालणारी घार सर्वात सोपी, कारण मागे कोरं आकाश. १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर, सलग फोकस. इथे शटर मेकॅनिकल करा, कारण बऱ्याच छोट्या बॉडींच्या इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वाकडे येतात.

फोकसच्या तक्रारीत लेन्सइतकाच बॉडीचा वाटा असतो. ऑलिंपसच्या ई-एम१० मालिकेत कॉन्ट्रास्टवर चालणारा, म्हणजे पुढेमागे जाऊन सर्वात स्पष्ट जागा शोधणारा फोकस आहे, उडत्या पक्ष्यामागे तो मागे पडतो, लेन्स कुठलीही लावा. पॅनासोनिकच्या जुन्या बॉडी फोकसचा अंदाज बांधायला स्वतःच्या लेन्सची माहिती वापरतात, म्हणून तिथे ऑलिंपसची लेन्स थोडी मंद वाटते. मायक्रो फोर थर्ड्समधे पॅनासोनिकने फेज डिटेक्शन (फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकला ते थेट मोजणारी पद्धत) आणलं ते २०२३ च्या जी९ मार्क टूपासून. दोन्ही लेन्स सारख्याच चुकत असतील तर पैसे लेन्समधे घालू नका.

संध्याकाळी शेवटची फेरी. शटर १/५०० वर बांधा, अपर्चर उघडं, आता आयएसओ ऑटो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून एकाच झाडावर दर पाच मिनिटांनी दोन्ही लेन्सने फोटो घ्या आणि आयएसओ ३२०० कधी ओलांडला ती वेळ लिहा. अर्धा स्टॉप म्हणजे किती, हे त्या वेळांतल्या फरकावरून कळेल. पहिल्या पायरीत लिहिलेल्या ओळीतली वेळ सकाळी नऊनंतरची असेल तर हा फरक तुमच्या कामाचा नाही.

> सावध: गारठ्यात गरम गाडीतून लेन्स काढली की दहा-पंधरा मिनिटं हूडच्या तोंडाशी हवा थरथरते आणि फोटो मऊ येतात. उकाड्यात एसीतून काढली तर काचेवर बाष्प धरतं. दोन्ही वेळा लेन्स आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या. आणि पाण्यावरून, ऊन चढल्यावर, शंभर मीटरवरचे रोहित पक्षी टिपून लेन्सची परीक्षा घेऊ नका. त्या हवेपुढे सगळ्या लेन्स सारख्याच.

## ९. संगणकावर बघताना

दोन्ही लेन्सचे फोटो एकाच सॉफ्टवेअरमधे, एकाच सेटिंगने उघडा. एआयने नॉईज घालवणारी बटणं बंद. ती नसलेली पिसं रंगवतात आणि वाईट लेन्सला चांगली करून दाखवतात.

मग नावं लपवा. घरातल्या कुणाला तरी फोटोंची नावं बदलून क्रमांक द्यायला सांगा आणि कुठला कशाचा ते कागदावर लिहून ठेवायला सांगा. महागड्या लेन्सचं नाव डोळ्यांसमोर असलं की डोळा तिच्या बाजूने झुकतो. आपण कितीही प्रामाणिक असलो तरी झुकतो. क्रमांकांवर गुण द्या, मग कागद उघडा.

वेगवेगळ्या मेगापिक्सेलच्या बॉडींची तुलना असेल तर शंभर टक्के मोठं करून बघणं चुकीचं. दोन्हीकडे पक्षी पडद्यावर सारखाच मोठा दिसेल असा आकार करून बघा. शेवटी एकदा तुम्ही फोटो जसे वापरता त्या मापात बघा: छापील बारा बाय आठ इंच, किंवा पडद्याच्या पूर्ण रुंदीला. शंभर टक्क्यांवर दिसणारा फरक इथे उरत नसेल तर वहीत तसं लिहा, आणि ते वजनदार कारण माना.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंवरून कुणाचंही मत घेऊ नका. फोटो तिथे दाबून लहान होतात.

## १०. खांद्यावर घेऊन बघा, मग पैसे द्या

दोन्ही लेन्स तुमच्या बॉडीवर लावून, वेगवेगळ्या सकाळी, तुम्ही नेहमी जाता त्या वाटेवर तीन तास घेऊन चाला. सिंहगडाच्या दरीत चढून जाणाऱ्याने चढूनच बघावं. तिसऱ्या तासाला कॅमेरा हातात आहे की पिशवीत गेला? पिशवीत गेलेली लेन्स भिंतीवर कितीही 'ध' आणि 'घ' वेगळे दाखवो, स्वर्गीय नर्तक समोर येईल तेव्हा ती कामाची नाही. पुढचं टोक जड असेल तर डावा तळहात लेन्सखाली घेऊन धरा, छोट्या बॉडीची मूठ ते वजन पेलत नाही.

माझा कल विचाराल तर असा. बॉडीत चांगलं स्टॅबिलायझेशन असेल, फिरणं पायी असेल आणि उजेड बरा असेल तर ७५-३००. बॉडी पॅनासोनिकची असेल, किंवा पहाटेचा आणि झाडीतला प्रकाश जास्त असेल, किंवा पावसाळ्यात फिरायचं असेल तर १००-३००, कारण तिला धूळ आणि शिंतोड्यांपासून थोडं संरक्षण आहे, पहिलीला नाही. पण तुमच्या वहीतले आकडे याच्या उलट सांगत असतील तर वहीचं ऐका.

लेन्स ठरली की जो नग विकत घ्याल त्याच नगावर चौथी, पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा करा, परत करायची मुदत संपायच्या आत. भाड्याची लेन्स चांगली निघाली म्हणून दुकानातल्या खोक्यातली तशीच निघेल असं नाही. त्या चाचणीचे फोटो तारीख घालून वेगळ्या फोल्डरमधे ठेवा आणि पानाचे तुकडेही जपून ठेवा. पुढे कधी लेन्स आपटली किंवा दुरुस्तीहून परत आली की तेच तुकडे त्याच भिंतीवर चिकटवून दहा मीटर मोजायचे.